किमान-कमालचा हिशेब चुकतो कुठे?

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखलं जातं. भोवतीचा मुलूख सोयाबीन-तुरीचा. हंगामात बाजार समित्यांचे दर तीन रकान्यांत येतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. प्रोग्रामिंगमधले ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण नाही. नवशिके अडखळतात त्या जागाही याच आकड्यांत सापडतात.

पुष्कळांना वाटतं, आधी यादी चढत्या क्रमाने लावायची आणि दोन टोकं उचलायची. उत्तर बरोबर येतं, पण मेहनत फुकट जाते. यादीवरून एकदा नजर फिरवली तरी पुरतं. १००० दरांतून किमान आणि कमाल वेगवेगळे शोधले, तर १९९८ तुलना होतात. दोन-दोन दरांच्या जोड्या लावून जोडीतला लहान फक्त किमानाशी आणि मोठा फक्त कमालाशी ताडला, तर १४९८ तुलनांत काम भागतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: शोध शून्यापासून सुरू करणं. किमान दर शोधताना सुरुवातीचा आकडा ० धरला, तर उत्तर शेवटपर्यंत ० राहतं, कारण एकही दर त्याहून लहान नसतो. उलट सलग तोट्याच्या हंगामांत सर्वांत चांगला हंगाम शोधताना सगळे आकडे उणे असतात. तिथे ० हेच कमाल ठरतं आणि तोटा झालाच नाही असं दिसतं. सुरुवात यादीतल्या पहिल्या आकड्यानेच करावी.

आता समजा, तुरीचे दोन दर आहेत, ९५०० आणि १०२००. ते फाईलमधून मजकूर म्हणून आले, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं मॅक्स() ९५०० परत देतं. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते आणि ९ हा १ पेक्षा मोठा. इथे संगणक चुकलेला नसतो. आकडे आधी संख्येत बदलून घेणं आपलं काम.

बाजार बंद असेल त्या दिवशी यादी रिकामी. अशा वेळी शून्य मिळेल, ही समजूत खोटी आहे. पायथन चूक दाखवून थांबतं, जावास्क्रिप्टमध्ये मॅथ.मॅक्स() उणे अनंत देतं. पायथन ३.४ पासून ‘डिफॉल्ट’, म्हणजे यादी रिकामी असल्यास द्यायचं उत्तर, ठरवून देण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी.

शेवटचा समज प्रोग्रामरचा आणि शेतकऱ्याचा सारखाच: कमाल दर म्हणजे बाजाराचा दर. एखाद्याच चांगल्या मालाला मिळालेली किंमतही कमाल ठरते. किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मी केली, तरी सर्वसाधारण दर निघत नाही. त्यासाठी मधले सगळे व्यवहार लागतात. आणि किमान दर म्हणजे किमान आधारभूत किंमत नव्हे. सोयाबीनसाठी केंद्राने २०२५-२६ ला ती क्विंटलमागे ५३२८ रुपये ठरवली. बाजारातला किमान दर त्याखाली असू शकतो, आणि मिन() तोच दाखवेल.