एक फडताळ, अनेक खिडक्या

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता राज्याच्या दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे कोलमडली. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा तो निकाल होता. अहमदनगर जिल्ह्यातही (२०२४ पासून अहिल्यानगर) अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत मुले कित्येक तास मोबाइलकडे डोळे लावून बसली. अशा वेळी विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, "जास्त संगणक का लावत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पण संगणक वाढवले की एक नवीच अडचण उभी राहते. तिचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आधी थोडे गणित करू. समजा, १५ लाख विद्यार्थ्यांनी पहिल्या तासात एकेकदा पान उघडले. एका पानासाठी मजकूर, बोधचिन्ह, मांडणीच्या सूचना अशा पाच फाइली लागतात असे धरले, तर ७५ लाख मागण्या होतात, म्हणजे सेकंदाला दोन हजारांहून अधिक. हे ओझे एका संगणकाला पेलेलच असे नाही. म्हणून पाने पुरवणारे दहा संगणक, म्हणजे वेब सर्व्हर, लावतात. त्यांच्यापुढे एक वाटप करणारा संगणक असतो. तो येणारी प्रत्येक मागणी दहांपैकी एकाकडे पाठवतो. आता प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला दोनशेच्या आसपास मागण्या येतात.

पण या दहा सर्व्हरना फाइली कोठून मिळणार? प्रत्येकाला वेगळी प्रत द्यावी, हा एक मार्ग. समजा, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 'अहमदनगर' खोडून 'अहिल्यानगर' लिहायचे आहे. नऊ प्रती सुधारल्या आणि दहावी राहून गेली, तर तेच पान एकदा नव्या नावाने दिसेल, एकदा जुन्या.

दुसरा मार्ग म्हणजे सर्व फाइली एकाच सामाईक साठवणीत ठेवायच्या आणि दहाही सर्व्हरनी त्या जाळ्यातून वाचायच्या. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली तयार केलेली 'नेटवर्क फाइल सिस्टिम' हेच काम करते. दूरच्या संगणकावरील फाइल जणू आपल्याच डिस्कवर आहे, अशी ती सर्व्हरला भासते. आता बदल एकदाच करायचा.

मात्र गर्दी नाहीशी झाली नाही, ती आत सरकली. कार्यालयात खिडक्या दहा केल्या, पण कागदांचे फडताळ एकच ठेवले, तर कारकुनांची रांग फडताळापुढे लागते. शिवाय फडताळाची किल्ली हरवली की दहाही खिडक्या बंद! म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी साठवणीचीही जोडी ठेवतात.

रांग कमी करण्यासाठी सर्व्हर एकदा वाचलेली फाइल स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. तीच फाइल पुन्हा मागितली, की ती स्मृतीतूनच देतो. पण मधल्या काळात मूळ फाइल बदलली तर? म्हणून 'ही बदलली का?' असे तो साठवणीला अधूनमधून विचारतो. लिनक्समध्ये हे अंतर नेहमीच्या मांडणीत ३ ते ६० सेकंद असते. तेवढा काळ शिळे पान दिसू शकते. अंतर वाढवले तर शिळेपणा वाढतो, कमी केले तर रांग वाढते. दोन्ही लाभ एकदम पदरात पडत नाहीत.

त्यामुळे सहसा कामाची विभागणी करतात. क्वचित बदलणारे, म्हणजे कार्यक्रम, मांडणी आणि बोधचिन्ह, प्रत्येक सर्व्हरवर ठेवायचे. लोकांनी पाठवलेले अर्ज, छायाचित्रे यांसारखे सतत वाढणारे सामाईक साठवणीत ठेवायचे. गुणांसारखी माहिती सहसा वेगळ्या माहितीकोशात असते, आणि तोही सामाईक असल्याने रांगेचा प्रश्न तेथेही येतोच.

हे वर्गात करून पाहता येईल. टेबलावर गुणांची एक वही ठेवावी. चार मुले 'सर्व्हर' होतील, बाकीची त्यांना एकेक क्रमांक विचारतील. प्रत्येक वेळी वहीपर्यंत जाऊन उत्तर आणायचे, आणि लागलेला वेळ मोजायचा. दुसऱ्या फेरीत सर्व्हरना उत्तरे चिठ्ठीवर टिपून ठेवू द्यावीत व तेच क्रमांक पुन्हा विचारावेत. वेळ घटेल. मग गुपचूप वहीतील एक आकडा बदलावा आणि पुन्हा विचारावे. चुकीचे उत्तर कोणी दिले, आणि ते टाळायला काय करावे लागेल, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी.