जहाजाचा एक दिवस आणि नाशिकचा माल

नाशिकच्या व्यापाऱ्याला समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु मुंबई व मुरगाव बंदरांत पर्यटकांची जहाजे येतात, त्यांतील प्रवासी दिवसभरासाठी खाली उतरतात आणि खिशात पैसा घेऊनच उतरतात, हे ऐकल्यावर या गिऱ्हाइकापर्यंत आपला माल पोहोचेल काय, असा विचार कोणाही कारागिराच्या मनात येईल. उत्तर होकारार्थी आहे, पण त्यात बऱ्याच अटी आहेत.

आपल्यातील बुजुर्गांना प्रवासी जहाज म्हटले की मुघल लाईन आठवते. मुंबईहून जेद्दाला जाणारी हाजींची जहाजे 1995 साली बंद झाली. त्या जहाजाचे काम माणसाला मुक्कामी पोहोचवणे हे होते. क्रूझचे जहाज मात्र बहुधा निघाले तेथेच परत येते. मधल्या बंदरांत एकेक दिवस थांबते. राहणे-जेवणे जहाजावरच असल्याने बंदरात प्रवासी खर्च करतो तो मुख्यतः फिरण्यावर आणि खरेदीवर.

आपल्याकडे मुंबई-गोवा मार्गावर 2018 साली ‘आंग्रिया’ सुरू झाली, ती फार काळ चालली नाही. 2021 साली कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ आणली. हे जहाज मूळचे 1990 सालचे. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या ताफ्यात असताना ते कॅरिबियन बेटे व बहामा या भागात फिरत असे. तेव्हा हा धंदा जेथे मुरला आहे तेथे काय चालते, हे आधी पाहणे बरे.

कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर शार्लट अमाली नावाचे बंदर आहे. जहाज लागले की तेथील पेढ्यांवर दागिने आणि घड्याळे घेणाऱ्यांची रीघ लागते. कारण जकातीत आहे. परदेशाहून परतणाऱ्या अमेरिकन माणसाला सर्वसाधारणपणे 800 डॉलरपर्यंतचा माल जकातीवाचून नेता येतो. हे बेट अमेरिकेच्याच ताब्यातील असले तरी जकातीच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून येथून 1600 डॉलरपर्यंत सूट मिळते. जवळच्या सेंट मार्टिन बेटावरील फिलिप्सबर्ग गावात तर पुढच्या रस्त्यावरची कितीतरी दुकाने आपल्या सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. पण त्या दुकानांतील हिरे, घड्याळे, अत्तरे बाहेरून आलेली असतात. बेटावरच्या टोपल्या विणणाऱ्याला या गर्दीतून मिळते ते थोडेच. त्यातच कंपन्यांनी स्वतःची बेटे केली आहेत. बहामातील कोको के हे रॉयल कॅरिबियनचेच. तेथे प्रवासी उतरला तरी त्याचा पैसा कंपनीच्या गल्ल्यातच जातो.

बंदरातील दिवस घड्याळावर चालतो. जहाज सकाळी सात-आठला धक्क्याला लागते आणि बहुधा संध्याकाळी सुटते. सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी सर्वांना वर चढावे लागते. स्वतःच्या मर्जीने फिरायला गेलेला प्रवासी उशिरा आला तर जहाज थांबत नाही. पुढचे बंदर त्याने स्वखर्चाने गाठायचे. म्हणूनच बरेच प्रवासी कंपनीची सहल घेतात, कारण तिची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी सहसा थांबते. उतरणे, तपासणी, जेवण यांचा वेळ वजा केला तर खरेदीला दोन तास राहिले तरी पुष्कळ. तेही बस जेथे थांबेल तेथे. बस कोठे थांबावी हे सहल चालवणारा ठरवतो आणि त्यात दलालीचा भाग अनेकदा असतो.

मुंबईत परदेशी जहाजे बॅलार्ड पिअरला लागतात. इंदिरा गोदीतील नवे टर्मिनल 2025 साली सुरू झाले. पाहुण्यांना गेटवे, धोबीघाट, क्रॉफर्ड मार्केट दाखवतात. वार पाहून जहाज येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, तर शुक्रवारी चोरबाजारातील मटण स्ट्रीटची दुकाने बंद, त्या दिवशी तेथे पहाटेचा जुम्मा बाजार भरतो.

आता नाशिकचा हिशेब. कसारा घाटाने मुंबई सुमारे 165 किलोमीटर, म्हणजे जाण्या-येण्याचेच आठ तास. जहाजाचा प्रवासी नाशिकला येईल ही आशा सोडावी. माल मात्र जाऊ शकतो आणि माणूसही. सकाळच्या पंचवटीने नमुने घेऊन निघालेला कारागीर कुलाबा किंवा क्रॉफर्ड मार्केटची दुकाने पाहून त्याच गाडीने संध्याकाळी परत निघतो. गोदीच्या दारात टोपली घेऊन उभे राहण्यात अर्थ नाही. आत पासाशिवाय प्रवेश नाही आणि बाहेर प्रवासी थेट बसमध्ये बसतो.

माल कोणता? तांब्याची घागर कितीही देखणी असली तरी विमानाने घरी परतणाऱ्याला तिचे वजन परवडत नाही. लहान लोटी, वाटी, ठोक्याचे काम स्पष्ट दिसेल असा पेला, हे चालेल. येवल्याच्या पैठणीची साडी महाग आणि परदेशी बाईला नेसता न येणारी, पण त्याच विणीचा बटवा किंवा दुपट्टा ती घेते. मालेगावचे कोरे कापड तसेच ठेवले तर कोणी पाहणार नाही. त्याची पिशवी शिवावी लागेल. प्रत्येक नगावर किंमत आणि कोठे, कसे घडवले याची इंग्रजीत दोन ओळींची चिठ्ठी असावी. प्रवाशाला घासाघीस करायला वेळ नसतो आणि हाताने केलेल्या कामाची खात्री मिळाली तर तो किंमत देतो.

मुरगावला उतरणारा आपल्याच देशाचा प्रवासी निराळा. त्याच्या घरी तांब्या आहेच. तो काजू घेतो, तसा नाशिकचा चिवडा व मनुकाही घेईल. मात्र पाकीट बंद हवे आणि त्यावर अन्न परवान्याचा क्रमांक छापलेला हवा.

उगाच मोठी आशा लावणे बरोबर नाही. हा मोसमी धंदा आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत, तोही जहाजांच्या वेळापत्रकावर. त्यासाठी कर्ज काढून यंत्रे घेऊ नयेत. रोजच्या कामातून उरलेल्या वेळात पन्नास-शंभर नग करून दोन दुकानांत ठेवून पाहावे. दुकानदार बहुतेक जांगडवरच माल ठेवतो, म्हणजे विकेल तेव्हा पैसे. जांगड वाईट नाही, पण तोंडी नको. नगांची संख्या, आपला दर, फुटतुटीची जबाबदारी कोणाची, महिनाअखेर हिशेब आणि पावसाळा लागताच उरलेला माल परत, एवढे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. दुकानदार सही करण्यास कां-कूं करू लागला तर नमुने पिशवीत भरावेत आणि पुढचे दुकान पाहावे.