अंदाजाने वाचन होत नाही

इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. म्हणून एका ध्वनीसाठी कधी दोन अक्षरे लागतात, तर एकच अक्षर वेगवेगळ्या शब्दांत वेगवेगळे उच्चारले जाते. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, पहिली इयत्ता संपताना बहुतेक युरोपीय भाषांतली मुले ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुले ३४ टक्के. नियम इतके बेभरवशाचे असतील तर ते शिकवायचे कशाला, असे अनेक शिक्षणतज्ज्ञांना वाटे. केनेथ गुडमन यांनी १९६७मध्ये वाचनाला अंदाजाचा खेळ म्हटले आणि ‘चित्र बघ, पहिले अक्षर बघ, काय असेल सांग’ ही रीत वर्गांत रुळली. घोड्याच्या चित्राखाली ‘पोनी’ छापलेले असताना मूल ‘हॉर्स’ म्हणाले, तर अर्थ जुळला म्हणून ते चालवून घेतले जाई. तिथे वाचन झालेलेच नसते. चित्र झाकले की ते मूल अडते.

फोनिक्समध्ये ध्वनी आणि अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या क्रमाने शिकवतात. ‘शिप’ वाचताना एस-एच मिळून ‘श्’, मग ‘इ’, मग ‘प्’, आणि तिन्ही जोडून शब्द. स्पेलिंग लिहिताना हेच उलट: शब्द कानांनी सुटा करायचा, प्रत्येक ध्वनीला त्याचे अक्षर द्यायचे. ‘सेड’सारखे आडमुठे शब्द आहेतच, पण त्यातही पहिला आणि शेवटचा ध्वनी नियमानेच चालतो, लक्षात ठेवायचा तो मधला भाग. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २०००मध्ये ३८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पद्धतशीर फोनिक्सचा फायदा स्पष्ट दिसला आणि लवकर सुरुवात केल्यास तो अधिक होता.

खरा आक्षेप इंग्लंडच्या आकड्यांतून येतो. तिथे २०१२पासून पहिलीच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात. त्यांतले २० बनावट असतात, म्हणजे पाठांतर किंवा अंदाज कामी येत नाही. अपेक्षित पातळी गाठणारी मुले २०१२मध्ये ५८ टक्के होती, २०१९मध्ये ८२. पण ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत इंग्लंडचे गुण २०११मध्ये ५५२ आणि २०२१मध्ये ५५८, एवढाच फरक. जेफ्री बॉवर्ससारखे टीकाकार फोनिक्सचा पुरावा सांगितला जातो तितका भक्कम नाही म्हणतात, ते गंभीरपणे घ्यायला हवे. तरीही या दोन चाचण्या वेगळ्या गोष्टी मोजतात. गफ आणि टनमर यांनी १९८६मध्ये आकलन म्हणजे शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज, असे मांडले. गुणाकारात एक संख्या शून्य असली की दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. फोनिक्स फक्त पहिली संख्या वाढवते. दुसरीसाठी गोष्टी, गप्पा, पुस्तके लागतातच.

महाराष्ट्रात मराठी शाळांत २०००पासून पहिलीला इंग्रजी आहे. मराठीत ‘क’चे नाव आणि आवाज एकच, त्यामुळे मूल इंग्रजीकडूनही तीच अपेक्षा ठेवते, पण ‘सी-ए-टी’ कितीही भराभर म्हटले तरी ‘कॅट’ होत नाही. शिवाय इंग्लंडमधल्या मुलाने तो शब्द निदान ऐकलेला असतो. आपल्या मुलाच्या कानावर तो बहुधा नसतो, मग अंदाज करणार कशाचा? त्याला आधी एस, ए, टी, पी, आय, एन यांचे आवाज द्यावेत. एवढ्यात सॅट, पिन, टॅप, नॅप हे शब्द तो स्वतः वाचू शकतो, आणि त्याच तासाला त्यांचा अर्थ मराठीत सांगता येतो.