मधुमेह आणि मुके झालेले पाय

चैत्र लागला म्हणजे धुळें व जळगांव जिल्ह्यांतून सप्तशृंगगडाकडे पायीं निघालेल्या भक्तांच्या रांगा दिसूं लागतात. पुष्कळजण अनवाणी असतात. खानदेशच्या उन्हानें तापलेलें डांबर चटका देतें, तेव्हां निरोगी मनुष्य झटकन् सावलीकडे वळतो. परंतु जुना मधुमेही कित्येकदां निर्धास्त चालत राहतो. बरोबरच्यांना ती श्रद्धा वाटते. मुक्कामावर तळव्याला भला मोठा फोड दिसतो, आणि तो केव्हां आला हें त्याचें त्यालाच सांगतां येत नाहीं.

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे पायांचे ज्ञानतंतू क्षीण होतात. वेदना कळेनाशी होते. घाम आणणारे तंतूही निकामी झाल्यानें कातडी कोरडी पडून टांचांना भेगा जातात, उन्हाळ्यांत काळ्या जमिनीला जातात तशा. त्यांतून जंतु आंत शिरतात. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्यास जखम भरत नाहीं, आणि पाय कापण्याची पाळी येते.

दुखणें ही एक राखण आहे. वेल्लोर येथें १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या बाबतींत हेंच दाखविलें: त्यांचीं बोटें आपोआप झडत नाहींत, तर बधिर अवयवाला इजा न कळल्यामुळें नष्ट होतात. पुढें तोच विचार मधुमेह्यांच्या पायांना लावण्यांत आला.

तेव्हां ही राखण डोळ्यांनीं केली पाहिजे. रोज रात्रीं तळवे पाहावे. वांकवत नसेल तर आरसा ठेवावा, अगर नातवाला पाहण्यास सांगावें. धुण्याचें पाणी कोपरानें अजमावावें, पायानें नव्हे. पाय टिपून टांचांना व्हॅसलीन किंवा युरियायुक्त मलम लावावें. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावूं नये, तेथें ओलाव्यानें चिखल्या होतात. चिखल्यांना बुरशीनाशक औषध लागतें, तें डॉक्टरांनाच विचारावें. घट्टे ब्लेडनें तासणें व भोवरीवर आम्लाच्या पट्ट्या चिकटविणें हा घरगुती शूरपणा फार महागांत पडतो.

फोड फोडूं नये. जखम झाल्यास स्वच्छ पाण्यानें धुवून कोरडी पट्टी बांधावी, हळद-चुना भरूं नये, व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. तेथें साखर आटोक्यांत आणणें, मेलेली कातडी काढणें हे उपचार होतात. पण सर्वांत दुर्लक्षित उपचार म्हणजे जखमेवरचा भार काढणें. त्यासाठीं विशेष पादत्राण अगर प्लास्टर देतात. तें घालून रोगी चार दिवस नीट वागतो, आणि पांचव्या दिवशीं दुखत नाहीं म्हणून तें काढून बाजारांत जातो!