विज्ञान शाखेतील पीएच.डी. संशोधन आणि मार्गदर्शकाची भूमिका

पीएच.डी.च्या नोंदणीपत्रावर बहुधा मार्गदर्शकाचे एकच नाव असते. प्रयोगशाळेत मात्र संशोधक एकाच व्यक्तीच्या हाताखाली क्वचितच घडतो. प्रस्तुत लेखात ही बाब जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केली आहे.

कमला भागवत (विवाहानंतर सोहोनी) यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. तत्कालीन संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे या कारणावरून, तो नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. श्रीनिवासय्या शिस्तीचे कठोर होते, पण ज्ञान देताना हात आखडता घेणारे नव्हते. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि पुढे अन्य विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला. संस्थाप्रमुखाचा नकार एका मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामामुळे निष्प्रभ ठरला, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथे प्रथम डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी काम केले. हिल वनस्पतींच्या ऊतींवर संशोधन करीत होते. त्याच दिशेने बटाट्यावर काम करताना सोहोनी यांना वनस्पतिपेशींतील 'सायटोक्रोम सी'चा शोध लागला आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. मार्गदर्शक बदलला की संशोधन खुंटते, असा एक समज आपल्या विद्यापीठांत रूढ आहे. येथे तर त्या बदलातूनच प्रबंधाचा विषय हाती आला!

मार्गदर्शकाचे खरे काम फसलेल्या प्रयोगापाशी सुरू होते. दोष अभिक्रियाकारकाचा, उपकरणाचा की मूळ गृहीतकाचाच, हे ठरविण्याची पद्धत ग्रंथांतून पुरेशी शिकता येत नाही; ती नोंदवही समोर ठेवून, शेजारी बसूनच शिकवावी लागते. प्रबंधाची प्रकरणे तपासणे हे त्या मानाने सोपे काम होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ संशोधक विद्यार्थी अशी कमाल मर्यादा घातली आहे. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणेही बंधनकारक आहे. महाविद्यालयीन केंद्रांत या बैठकीचे स्वरूप अनेकदा स्वाक्षरीपुरते उरते. वास्तविक, एकच मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेल्या विभागात विद्यार्थ्याला दुसऱ्या अभ्यासकाची दृष्टी मिळण्याची ती एकमेव नियमित जागा असते. त्या बैठकीत सारांशाऐवजी मूळ नोंदवही आणि त्या सत्रात फसलेले प्रयोग मांडले गेले, तर समितीतील अन्य सदस्यांना विचारण्यासारखे काही हाती लागेल.