मोटारीवरील पांढरे डाग

विहिरीच्या अथवा बोअरच्या पाण्यानें मोटार धुऊन ती तशीच उन्हांत ठेविली, तर थोड्याच वेळांत तिच्या रंगावर पांढरट वर्तुळें उमटतात. पुन्हा त्याच पाण्यानें धुतलें तरी तीं जात नाहींत. हे डाग मळाचे नसून दगडाचे आहेत, हें ध्यानांत आलें म्हणजे उपाय सुचण्यास वेळ लागत नाहीं.

पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना कार्बन डायऑक्साइड वायु बरोबर घेऊन जातें. अशा पाण्यांत खडकांतील कॅल्शियम विरघळून तें विहिरींत उतरतें. हेंच जड पाणी. त्यांत साबणाचा फेस लवकर येत नाहीं. पाणी आटतांना वायु निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, मागें राहते. आंध्र प्रदेशांतील बोरा गुहांमधील चुनखडीचे स्तंभ याच क्रियेनें हजारों वर्षांत घडले आहेत. तापलेल्या पत्र्यावरील डाग मात्र कांहीं मिनिटांतच तयार होतो.

पुष्कळ लोक हे डाग कोरड्या फडक्यानें घासतात. परंतु आजच्या मोटारींच्या रंगावर जो पारदर्शक लेप असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतकीच असते. घासण्यानें त्यावर ओरखडे पडतात, आणि झिजलेला लेप पुन्हा भरून येत नाहीं.

म्हणून डाग घासावयाचा नाहीं, विरघळवावयाचा. व्हिनेगरांतील अ‍ॅसेटिक आम्लामुळें चुनखडीचें कॅल्शियम अ‍ॅसिटेट बनतें, व तें पाण्यांत सहज विरघळतें. विद्यार्थ्यांनीं अंड्याचें कवच पांढऱ्या व्हिनेगरमध्यें टाकून पाहावें. निघणारे बुडबुडे हे त्याच वायूचे होत.

मोटार सावलींत उभी करून पत्रा निवूं द्यावा आणि धूळ धुऊन काढावी. पांढरें व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन प्रथम एका आडबाजूच्या जागीं लावून पाहावें. नंतर त्यांत भिजविलेलें मऊ फडकें डागावर मिनिटभर ठेवावें, हलक्या हातानें पुसावें व भरपूर पाण्यानें धुवावें. फरशी धुण्याचें तीव्र अ‍ॅसिड मात्र कदापि वापरूं नये. इतकें करूनहि डाग राहिलाच, तर तो सिलिकेचा असेल अथवा लेपांत खोल उतरला असेल. तें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें.

याहून सोपा मार्ग म्हणजे डाग पडूंच न देणें. सकाळीं अथवा सायंकाळीं मोटार धुवावी, आणि पाणी सुकण्यापूर्वीं ती पुसून कोरडी करावी.