वर्गणीदाराचा हक्क

रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हे कोष्टक ज्या काळी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या जिभेवर असे, त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी अशी योजना मांडली की, प्रत्येक माणसाने वर्षाकाठी केवळ एक पैसा द्यावा आणि त्या पैशांच्या संचयातून देशी कारखानदारी उभी करावी. ही योजना पुढे ‘पैसा फंड’ या नावाने प्रसिद्ध झाली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि १९०८ साली, ज्या वर्षी खुद्द टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली त्याच वर्षी, पुणे-मुंबई लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे येथे या फंडाचा काचकारखाना सुरू झाला. लोकांकडून वर्गणी गोळा करून एखादे सार्वजनिक कार्य उभारण्याची जी रीत महाराष्ट्रात आज गणेशोत्सव मंडळापासून वाचनालयापर्यंत सर्वत्र रुळली आहे, तिचा विचार करू लागले म्हणजे पैसा फंडापाशी थोडे थांबणे क्रमप्राप्त होते. कारण या रीतीतील सामर्थ्य आणि अडचण ही दोन्ही तेथे जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचितच अन्यत्र दिसतील.

अडचण आधी पाहू. एक रुपया जमण्यास ६४ माणसे हवीत, आणि एक लाख रुपये जमण्यास ६४ लाख. त्या काळी साध्या पोस्टकार्डाची किंमत पाव आणा, म्हणजे नेमका एक पैसा, होती. दात्याचे आभार मानणारे एक कार्ड टाकावे, तर त्याची संपूर्ण देणगी त्या कार्डातच खर्ची पडावी! पावतीचा कागद, शाई, हिशेबाच्या वह्या, गोळा झालेली चिल्लर पोहोचती करण्याची यातायात, आणि या सर्वांच्या वर दारोदार हिंडणाऱ्या मनुष्याचा वेळ, यांचे मोल धरले तर कोणत्याही व्यवहारी सावकाराने ही योजना ऐकताच हात जोडले असते. दहा धनिकांच्या पेढीवर जाऊन बसले असता जी रक्कम एका सकाळी पदरात पडली असती, तिच्यासाठी हजारो उंबरठे झिजवायचे हा उफराटा उद्योग केवळ एकाच अटीवर शक्य होता. ती अट अशी की, वसुली करणाराने आपल्या श्रमाचा मोबदला मागू नये. पैसा फंडाचे खरे भांडवल म्हणजे त्याचे बिनपगारी स्वयंसेवक. त्यांच्या श्रमाची नोंद जमेच्या बाजूस कधीच झाली नाही, आणि कीर्दखतावणीच्या शास्त्रात तशी नोंद करण्याची सोयही नाही.

परंतु या उफराट्या उद्योगात एक लाभ होता. ज्याने पैसा दिला तो त्या कारखान्याचा, कितीही अल्पांशाने का होईना, धनी झाला. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तळेगावच्या भट्टीवर देखरेख करीत होते, तेथे शिकलेले कारागीर पुढे देशातील निरनिराळ्या कारखान्यांत गेले. पण कारखान्याच्या या सर्व व्यापाबद्दल ‘आमच्या पैशाचे काय केले?’ असा प्रश्न विचारण्याचा अधिकार एखाद्या खेड्यातील तेल्यातांबोळ्यासही पोहोचत होता. स्वदेशीवर शंभर व्याख्याने झोडून जी भावना निपजली नसती ती एका पैशाने निपजे. माझ्या मते वर्गणीचे सारे मर्म या प्रश्नात आहे. दारोदार हिंडणारा कार्यकर्ता पैसे घेऊन येतो हे खरे. पण येताना प्रत्येक दारी तो हिशेब मागण्याचा एक हक्क ठेवून येतो, आणि संस्था पुढे सुधारते की नासते हे बहुतांशी त्या हक्काचा वापर होतो की नाही यावर ठरते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या दीर्घ आयुष्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात येण्यापूर्वी ते मुंबईत शिकवण्या करीत होते. त्याच काळात आपल्या मुरूड गावच्या चाकरमान्यांना एकत्र करून त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला आणि आपापल्या मिळकतीचा अल्पसा अंश गावाच्या कामासाठी वेगळा काढण्याची शिस्त त्या मंडळींस लावली. पुढे अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी केलेली भ्रमंती सर्वश्रुत आहे. त्या काळच्या संस्थांचे वार्षिक अहवाल ज्याने चाळले असतील त्यास ठाऊक असेल की, त्यांतील अत्यंत वाचनीय भाग बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक टाइपात, देणगीदारांच्या यादीच्या रूपाने असतो. एखाद्या संस्थानिकाच्या हजारांखाली कुणा शिक्षकाचा एक रुपया, कुणा विधवेचे आठ आणे, आणि नाव देण्याची इच्छा नसलेल्या ‘एका हितचिंतकाचे’ पाच रुपये, असा क्रम तेथे आढळतो. आठ आण्यांची ही ओळ छापण्यास जो खर्च आला तो कदाचित आठ आण्यांच्या मानाने बराच असेल; परंतु ती ओळ छापली गेली आणि ज्या घरी तो अहवाल गेला त्या घरी ती शोधून वाचली गेली, याचे मूल्य त्या पिढीच्या चिटणिसांस बरोबर कळत होते.

कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. एवढ्या मोठ्या उपकाराची नोंद नावाने व्हावी यात गैर काहीच नाही. त्या देणगीवाचून विद्यापीठाने तग धरला असता की नाही याचीही शंकाच आहे. तथापि मोठी देणगी ही अटींसह येते आणि लहान देणगी विश्वासावर येते, हा भेद कर्व्यांच्या नजरेतून सुटला असेल असे मला वाटत नाही. कारण वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे झाल्यावर, १९३६ साली, जेव्हा त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले, तेव्हा हे वयोवृद्ध गृहस्थ पुन्हा लहान लहान रकमा मागत घरोघर हिंडू लागले. ज्यांचे नाव एव्हाना कोणत्याही धनिकाच्या दिवाणखान्यात सहज प्रवेश मिळवून देऊ शकत होते, त्यांनी पायी हिंडून चार-चार आणे जमवावेत यात केवळ साधेपणाची हौस होती असे समजणे त्यांच्या बुद्धीवर अन्याय करण्यासारखे होईल.

दारोदार जाण्याहून निराळी अशी दुसरी वाट म्हणजे लोकांनाच आपल्याकडे बोलावणे, त्यांचे मनोरंजन करणे आणि त्या निमित्ताने तिकिटाचे पैसे घेणे. या मार्गाचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला प्रसंग अर्थातच ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ झालेला ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग होय. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्या एकत्र याव्यात, बालगंधर्वांनी भामिनी आणि केशवराव भोसल्यांनी धैर्यधर उभा करावा, हा योग रसिकांच्या दृष्टीने इतका दुर्मिळ होता की, तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पटींनी चढविलेले असूनही नाट्यगृहात रीघ लागली. पुढे तीनच महिन्यांनी केशवराव निवर्तले, त्यामुळे तर त्या रात्रीस दंतकथेचे स्वरूप आले. आजही त्या प्रयोगाबद्दल कुणी बोलू लागले म्हणजे कोणाचे पद अधिक रंगले आणि वन्स मोअर कोणास किती मिळाले, याचीच चर्चा चालते. फंडास काय मिळाले आणि त्याचे काय झाले हा विषय सहसा निघत नाही. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिले, त्याच्या मोबदल्यात अलौकिक गाणे ऐकले, आणि त्याचा हिशेब तेथेच चुकता झाला. मदतीच्या प्रयोगाची मर्यादा हीच आहे. पैसे भरपूर जमतात, पण पैसे देणारा प्रेक्षकच राहतो.

या मर्यादेवर एक उत्तम तोड महाराष्ट्रानेच पुढे काढली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चरितार्थासाठी ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभारण्याचे ठरले, तेव्हा डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर अशा नामवंत नटनट्यांनी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ हे नाटक घेऊन गावोगाव प्रयोग केले. प्रेक्षकांनी गर्दी केली ती अर्थात नटांना पाहण्यासाठी. परंतु तिकिटे खपविणे, नाट्यगृह ठरविणे, पाहुण्यांची जेवणाखाण्याची आणि निवासाची सोय करणे हा सारा भार त्या त्या गावच्या कार्यकर्त्यांनी उचलला. शिवाय जमलेली रक्कम खर्चून न टाकता मुद्दल राखून व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था करण्यात आली. रंजनाची एक रात्र संपली तरी निधी संपला नाही, आणि त्यामुळे त्याबद्दल प्रश्न विचारण्यास जागा राहिली. दानाची रक्कम सढळ हाताने वाटून टाकण्याचा मोह आवरून ती गुंतवून ठेवण्यास लागणारा कोरडा विवेक आपल्या उत्सवप्रिय समाजात दुर्मिळ आहे, म्हणून या उदाहरणाचा मला विशेष आदर वाटतो.

आता ज्यास कोणी संस्था म्हणत नाही अशा एका जुन्या व्यवस्थेकडे वळतो. पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य खेड्यांत ग्रामदैवताच्या जत्रेसाठी ‘पट्टी’ काढतात. चार जाणती माणसे बसून घरटी किती रक्कम घ्यावयाची हे ठरवितात. तरणी पोरे वही घेऊन घरोघर वसुली करतात. जे लोक मुंबई-पुण्यास कामधंद्यासाठी गेले असतील त्यांच्या नावांची यादी निराळी असते आणि ती बहुधा अधिक आशेने वाचली जाते. तमाशा, कुस्त्यांचा फड, छबिना, शोभेची दारू, मंडप आणि वाजंत्री हे सर्व त्या पट्टीतून निघते. जत्रा पार पडली की मग देवळात बैठक भरते आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. ज्यांनी अशी बैठक पाहिली आहे त्यांस सांगणे नको की, तेथील तपासणीपुढे सनदी हिशेबनिसाची तपासणी म्हणजे केवळ शिष्टाचार होय. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात शोभेल अशा त्वेषाने नारळांच्या पोत्याचा दर विचारला जातो. वाजंत्रीवाल्यास दिलेली बिदागी गेल्या सालापेक्षा का वाढली याचा खुलासा मागितला जातो. आणि ज्याने स्वतः पट्टी पूर्ण भरलेली नाही तोच सर्वांत मोठ्याने बोलतो असा माझा अनुभव आहे. या गोंगाटास मी लोकशाहीची शाळा वगैरे म्हणणार नाही, कारण घरटी पट्टी ठरविणाऱ्या त्या चार जाणत्यांत स्त्रिया नसत आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतील माणसाचा आवाज त्या देवळात पोहोचत नसे. परंतु ज्यांना त्या बैठकीत बसण्याचा मान होता, त्यांच्यापुरता हिशेब मात्र खरोखर मागितला जात होता.

शहरातील सार्वजनिक गणेशोत्सवाचे मूळ याच पट्टीच्या संस्कारात आहे. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत जो उत्सव सुरू झाला तसे उत्सव चाळीचाळींतून आणि आळीआळींतून पसरले; तेथे वर्गणी मागणारा आणि देणारा हे एकाच जिन्याने वर-खाली करणारे शेजारी होते. खजिनदाराच्या घरी नवी कपबशी आली तरी ती कुठून आली याकडे समोरच्या खोलीचे लक्ष असे. मंडळ वाढले, चाळीचे रस्त्यावर आले, तशी ही ओळख विरळ होत गेली. अनोळखी दुकानदारापुढे पावती पुस्तक आपटून रक्कम आधीच लिहून ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी पडली, तिला वर्गणी म्हणणे हे भाषेचे औदार्य झाले. शासनाने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ‘४१ क’ प्रमाणे अशी वर्गणी काढण्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी आवश्यक ठरविली आणि उत्सवानंतर हिशेब सादर करण्याचे बंधन घातले. कायदा रास्त आहे. पण तो हिशेब देवळात नव्हे, दफ्तरात जातो.

अलीकडे आणखी एक स्थित्यंतर झाले आहे, आणि ते दंडेलीहून अधिक दूरगामी ठरेल अशी माझी समजूत आहे. मोठ्या मंडळांचा बराचसा खर्च आता कमानींवरील जाहिरातींतून, बांधकाम व्यावसायिकांच्या आणि राजकीय पुढाऱ्यांच्या प्रायोजकत्वातून भागतो. वर्गणीसाठी जिने चढण्याची त्यामुळे गरज राहिली नाही. रहिवाशांनाही हे सोयीचेच वाटते. दारावरची बेल वाजत नाही, घासाघीस करावी लागत नाही, शिवाय आरास पूर्वीपेक्षा देखणी होते. फक्त ज्याच्या खिशातून काही गेले नाही तो मंडळाच्या वार्षिक सभेस जात नाही, आणि गेला तरी ध्वनिक्षेपकाच्या आवाजाबद्दल किंवा मिरवणुकीच्या मार्गाबद्दल बोलताना त्याचा स्वर तक्रारदाराचा असतो, धन्याचा नसतो. त्याची समजूत घालण्याचे मंडळास काही कारण नसते. ज्याची समजूत घालावयाची त्याचे छायाचित्र कमानीवर झळकत असते.

याउलट ज्या लहान मंडळांना प्रायोजक विचारीत नाहीत, त्यांच्या कार्यकर्त्यांना अजूनही दारोदार जावे लागते. आता पावती पुस्तकाबरोबर क्यूआर कोडचा एक पुठ्ठा त्यांच्या हाती असतो, आणि रक्कम खजिनदाराच्या खाजगी खात्यात न जाता मंडळाच्या खात्यात जावी यावरून निदान काही सोसायट्यांत तरी वाद झाले आहेत, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. कार्यकर्ता दारात उभा राहतो, आजोबा चष्मा शोधतात, गेल्या वर्षी मंडपाला किती दिलेत ते विचारतात, रक्तदान शिबिराचा फलक लावला होता पण शिबिर झाले का याची चौकशी करतात, ‘एकशे एक’ म्हणता म्हणता ‘एकावन्न’वर येतात आणि नातवाला मोबाइल आणण्यास सांगतात. महाविद्यालयात शिकणारा तो कार्यकर्ता जिना उतरताना सोबत्यापाशी कुरकुरतो की, एकावन्न रुपयांसाठी म्हाताऱ्याने वीस मिनिटे घेतली. त्याचे गणित चूक नाही. त्या वीस मिनिटांची नोंद कोणत्या खात्यावर करावयाची, एवढे मात्र त्याच्या खजिनदाराने त्यास अद्याप सांगितलेले नाही.